नार्बोनचे ऋण

दक्षिण फ्रान्समधील नार्बोन नगरीत प्रवाशाच्या नजरेत प्रथम भरते ते १२७२ साली आरंभिलेले व अद्याप अपूर्णच असलेले उत्तुंग कॅथेड्रल. त्याहीपूर्वी सुमारे शंभर वर्षे, स्पेनमधील धर्मछळामुळे परागंदा झालेले यहुदी पंडित योसेफ किम्ही या नगरीत आश्रयास आले. त्यांचे पुत्र दावीद यांनी हिब्रूचे व्याकरण व धातुकोश सिद्ध केला. शब्द अडला की आधी त्याचा धातू शोधावा, मग वचनाचा अर्थ लावावा, ही त्यांची शिस्त. स्तोत्रांवरील भाष्यात त्यांनी ख्रिस्ती अर्थाचे खंडनही केले आहे. पुढे १३०६ मध्ये राजाने यहुद्यांना फ्रान्समधून हाकलले. तथापि १५०६ साली जर्मनीतील ख्रिस्ती पंडित योहान रॉइखलिन यांनी किम्हींच्याच आधारे आपले हिब्रू व्याकरण रचले. वाचकहो, ज्यांना ख्रिस्ती राजाने देशोधडीस लावले, त्यांच्याच दिव्याच्या उजेडात ख्रिस्ती जनांनी जुना करार मुळातून वाचला. हे ऋण आपण विसरू नये.