घरात उंदराचं औषध का नाही

दारव्हा,
१२ जुलै

चि. ताईस,


तुझ्या ब्रिस्बेनच्या स्वयंपाकघरातला फोटो पाहिला. ‘आत्या, उंदीर झालेत, औषध आणते’ असं लिहिलंस. थांब, आणू नकोस. लांब निमुळतं नाक, कानाच्या पाळीला खाच. हा उंदीर नाही. उंदराला पुढे कुरतडायचे मोठे दात असतात, याला सुईसारख्या बारीक दातांची ओळ असते. हा अँटेकायनस, कांगारूच्या गोतावळ्यातला.

तू लहानपणी विचारायचीस, दारव्ह्याच्या घरात उंदराचं औषध का नाही? आज सांगते. तुझ्या जन्माआधी एका पावसाळ्यात ज्वारीच्या पोत्यांमागे खुडबुड ऐकली आणि मी कणकेत औषध कालवून ठेवलं. सकाळी भिंतीच्या कडेला चिचुंद्री मरून पडलेली. दिसायला उंदरासारखी, पण ती दाण्यांसाठी नव्हे, झुरळं-किड्यांसाठी फिरते. पोतं सरकवलं तर मागे तीन पिलं. चिचुंद्रीचं पिलू आईच्या शेपटीच्या बुडाशी दातांनी धरतं, त्याला दुसरं, दुसऱ्याला तिसरं. आपल्या शकुंतला रेल्वेगाडीच्या डब्यांसारखी रांग चालते. ती तिघं तशीच एकमेकांना धरून होती. पुढच्यानं गोणपाटाचा दोरा धरला होता. संध्याकाळपर्यंत एकही जगलं नाही. उरलेली पुडी मी त्याच दिवशी खोल पुरली.

तुझा पाहुणाही तसाच. दिवसा झाडाच्या ढोलीत झोपायचं, रात्री कोळी, भुंगेरे, झुरळं शोधायची. थंडीत तो उबेला घरात शिरतो. हिवाळा सरताना नर माद्यांमागे धावून इतके झिजतात, की वर्षाचे व्हायच्या आतच सगळे मरतात. मग रानात मोठ्या उरतात त्या फक्त माद्या. त्यांना कांगारूसारखी खोल पिशवी नसते, नुसती कातडीची घडी. तांदळाच्या दाण्याएवढी पिलं आचळांना चिकटवून त्या महिनाभर हिंडतात. म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबरात औषध ठेवशील तर एकीबरोबर सगळं बिऱ्हाड जाईल. तिथल्या कायद्यानंही त्याला संरक्षण आहे.

हात लावू नकोस, चावेल. रात्री दिवा मालवून मागचं दार थोडं उघडं ठेव. तो गेला की सिंकखालची फट बुजव. खरकटं झाकून ठेव.

गेला की कळव.

तुझी,
आत्या