लग्नाला होकार, मुलांपाशी अडखळ

समलिंगी विवाहाबाबत विद्यार्थ्यांचे मत मोजताना दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. दोन पुरुषांना किंवा दोन स्त्रियांना लग्न करू द्यावे का, हा पहिला. त्यांना मूल वाढवू द्यावे का, हा दुसरा. पहिल्याला होकार देणारे पुष्कळ जण दुसऱ्यापाशी अडखळतात. युरोपीय संघात २००६ साली झालेल्या पाहणीत लग्नाला ४४ टक्क्यांचा पाठिंबा होता, दत्तकाला मात्र जेमतेम एक तृतीयांश लोकांचा. भारतातील पाहण्या बहुधा पहिल्या प्रश्नावरच थांबतात.

त्या पाहण्यांचे आकडेही जपून वाचायला हवेत. लोकनीती-सीएसडीएसच्या २०१६ मधील युवा पाहणीत १५ ते ३४ वयोगटातील सुमारे ६१ टक्के तरुणांनी समलिंगी संबंध अमान्य ठरवले. प्यू संशोधन केंद्राच्या २०२३ मधील पाहणीत ५३ टक्के भारतीय प्रौढांनी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्याच्या बाजूने कौल दिला. सात वर्षांत देश पालटला, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. एका पाहणीत संबंधांच्या योग्यायोग्यतेबद्दल विचारले होते, दुसरीत कायद्याबद्दल. विचारलेली माणसेही वेगळी. मधल्या काळात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ मधून संमतीचे समलिंगी संबंध वगळले, हेही विसरता येत नाही.

महाविद्यालयीन विद्यार्थी हा अभ्यासकांचा आवडता नमुना. तो वर्गात आयता सापडतो, हे त्याचे खरे कारण. पण ‘विद्यार्थी’ हा एकजिनसी गट नाही, हे कल्याणजवळच्या टिटवाळा स्थानकाच्या फलाटावर उभे राहिले तरी कळते. कल्याणचे बिर्ला महाविद्यालय, उल्हासनगर किंवा ठाणे गाठण्यासाठी सकाळच्या लोकलमध्ये चढणाऱ्या मुलांत नव्या टॉवरमधली मुले असतात, चाळीतली असतात आणि शहापूर-कसाऱ्याकडच्या पाड्यांवरून आलेलीही. यांतल्या अनेकांच्या घरी खासगी खोली हीच चैन असते. तिथे स्वतःच्या लैंगिकतेबद्दल उघडपणे बोलणारा मित्र क्वचितच भेटतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली मांडले होते की योग्य परिस्थितीत परगटातल्या माणसांशी संपर्क आला की पूर्वग्रह सैल होतो. ओळखच नसेल तर मत बनते ते चित्रपट, वेबमालिका आणि घरातल्या शेरेबाजीवर. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी हेरेक यांच्या अभ्यासांत भिन्नलिंगी पुरुषांचा विरोध स्त्रियांपेक्षा तीव्र आढळला, त्यातही समलिंगी पुरुषांविषयी जास्त. अशा वर्गात सगळ्यांदेखत हात वर करायला लावून घेतलेला कौल जवळजवळ निरुपयोगी असतो. शेजारच्या बाकावरचे मित्र काय म्हणतील, हेच त्यात मोजले जाते. निनावी चिठ्ठी बरी.

आपल्याकडे हा विषय महाविद्यालयाच्या आवारात नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. स्त्रीवर प्रेम करणारी त्याची नायिका सुमित्रा महाविद्यालयातलीच, आणि तिची कोंडी करणारेही तिच्या आसपासचेच.

मुलांबद्दलचे आक्षेप साधारण तीन. मुलाला आई आणि वडील दोघेही लागतात. मूलही पालकांसारखेच होईल. शाळेत त्याला चिडवतील. पहिल्या दोन आक्षेपांची तपासणी बरीच झाली आहे. अमेरिकेत नॅनेट गार्ट्रेल यांनी १९८६ पासून समलिंगी मातांच्या कुटुंबांचा दीर्घकालीन अभ्यास चालवला. ही मुले सतरा वर्षांची झाल्यावर मानसिक समायोजनात मागे नव्हती. नमुना लहान आणि स्वेच्छेने आलेला, ही त्यावरची टीका रास्त आहे. २०२० साली नेदरलँड्समधील सरकारी नोंदींवर आधारलेल्या अभ्यासाने ती उणीव भरून काढली. समलिंगी पालकांच्या २,९७१ मुलांची तुलना दहा लाखांहून अधिक मुलांशी केली, तेव्हा जन्मापासून अशा घरात वाढलेली मुले शालेय चाचण्यांत किंचित पुढेच आढळली. त्या पालकांची सांपत्तिक स्थिती बरी असणे हे त्यामागचे एक मोठे कारण. विरोधकांचा आधार असलेला मार्क रेग्नेरस यांचा २०१२ चा अभ्यास पद्धतीतच घसरला: पालकाचा कधीकाळी समलिंगी संबंध आला असला तरी मुलाची गणना त्या गटात केली गेली. त्यातली बरीच मुले मोडलेल्या घरांतली होती, आणि मोडलेल्या घराचे दुष्परिणाम समलिंगी पालकत्वाच्या खात्यावर मांडले गेले.

तिसरा आक्षेप प्रामाणिक आहे आणि सगळ्यात जास्त वेळा तोच येतो. भारतीय मानसोपचार संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये समलिंगी व्यक्तींच्या विवाह आणि दत्तकाच्या हक्काला पाठिंबा देताना या मुलांच्या वाट्याला येणाऱ्या कुचेष्टेची दखल घेतली आणि कुटुंब, शाळा व समाज यांना संवेदनशील करण्याची गरज सांगितली. ‘मुलांचे पुढे काय, त्यांची लग्ने कशी जमणार’ हा प्रश्न महाराष्ट्रात आंतरजातीय जोडप्यांनाही ऐकावा लागला आहे. तिथे सरकारने चिडवणाऱ्यांची बाजू घेतली नाही. उलट विवाहाला ५० हजार रुपयांचे अनुदान दिले.

टिटवाळ्याचा महागणपती लग्न जुळवणारा ‘विवाहविनायक’ म्हणून ओळखला जातो आणि त्याची स्थापना शकुंतलेने केली, अशी स्थानिक आख्यायिका आहे. तिचा गांधर्वविवाह दुष्यंताने भर दरबारात नाकारला आणि तिचा मुलगा भरत वडिलांविना आश्रमात वाढला. विवाहाची नोंद आणि मान्यता नसल्याचा भुर्दंड मूल भरते, हे सांगायला खरे तर परदेशी संशोधनाची गरज नव्हती.

आजचा कायदा असा आहे. ‘सुप्रियो विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात १७ ऑक्टोबर २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने विवाह हा मूलभूत हक्क नसल्याचे एकमताने सांगितले. याचिकाकर्त्यांत दोन मुले वाढवणारे एक जोडपेही होते. दत्तक नियमावली २०२२ मधील नियम ५(३) नुसार जोडप्याला मूल दत्तक घेण्यासाठी दोन वर्षांचे स्थिर वैवाहिक जीवन लागते. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांनी हा नियम भेदभाव करणारा ठरवला. विवाहित भिन्नलिंगी जोडपेच मुलाला स्थैर्य देऊ शकते, असे दाखवणारा पुरावा समोर नसल्याचे चंद्रचूड यांनी नोंदवले. उरलेल्या तिघांनी नियम कायम ठेवला. राष्ट्रीय बालहक्क आयोग अशा दत्तकाच्या विरोधात उभा होता, दिल्लीचा आयोग बाजूने. एकाच ‘बालहिता’चे दोन सरकारी अर्थ न्यायालयाने ऐकले.

परिणाम विचित्र आहे. एकट्या व्यक्तीला दत्तक घेता येते. फक्त एकट्या पुरुषाला मुलगी मिळत नाही. म्हणजे समलिंगी जोडप्यातील एक जण पालक होऊ शकतो. दुसरा त्याच घरात राहून शाळेची फी भरतो, रात्री ताप मोजतो, पण कागदावर परका असतो. पालक असलेला वारला, तर त्या मुलावर दुसऱ्याचा कोणताही आपसूक हक्क उरत नाही. २०२१ च्या सरोगसी कायद्याने तोही मार्ग या जोडप्यांना बंद केला आहे. २०२४ मध्ये केंद्राने समलिंगी जोडीदारांना शिधापत्रिकेसाठी एक कुटुंब मानण्याच्या सूचना राज्यांना दिल्या आणि त्यांना संयुक्त बँक खात्याची मुभा असल्याचेही स्पष्ट केले. दत्तकाच्या कागदावर मात्र दोघांची नावे येत नाहीत. या निकालावरील फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या असून आता बदल करायचा तर तो संसदेला किंवा सरकारलाच करावा लागेल.