परळ : चतुर्विध दानाचे एक क्षेत्र

यात्रेला निघालेल्या जैन कुटुंबाच्या वाटेत मुंबईचे परळ येत नाही. कुंथलगिरी, मांगीतुंगी, पालिताणा, शिखरजी ही नावे घरोघरी ठाऊक असतात. परळ म्हटले की बंद पडलेल्या गिरण्या आणि त्यांच्या जागी उठलेले मनोरे आठवतात. तरीही डॉ. अर्नेस्ट बोर्जेस मार्गावर सकाळी उभे राहिले, तर दूरदूरच्या प्रांतांतून आलेले यात्रेकरूच भेटतात. एका हातात बोचके, दुसऱ्या हातात तपासण्यांची जाड फाईल आणि कडेवर केस गेलेले, तोंडाला मास्क बांधलेले मूल. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, विदर्भ, मराठवाडा अशा सर्व दिशांनी आलेली ही माणसे टाटा स्मारक रुग्णालयाच्या दाराशी थांबतात.

परळची ही आरोग्यनगरी जुनी आहे. येथील जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ साली हाफकिन यांची प्रयोगशाळा आली; १९२६ साली के. ई. एम. आणि १९२९ साली बाई जेरबाई वाडिया मुलांचे रुग्णालय उभे राहिले. टाटा रुग्णालयाचा उगम मात्र एका घरातील दुःखात आहे. सर दोराबजी टाटांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली वेल्समध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींनी या रोगावरील संशोधनासाठी लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन केला आणि काही आठवड्यांतच तेही गेले. त्यांची सारी संपत्ती त्यांच्या नावाच्या ट्रस्टकडे आली. तीत मेहेरबाईंचा २४५ कॅरेटचा ज्युबिली हिरा होता, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. तो विकला गेला व त्याची किंमत ट्रस्टच्या निधीत जमा झाली. त्याच ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केले. जवाहिऱ्यांच्या घरांनी ध्यानात ठेवावा असा हा व्यवहार आहे.

ज्या रोगाने मेहेरबाईंना नेले, त्याचा लिम्फोब्लास्टिक नावाचा तीव्र प्रकार मुलांमध्ये आढळणारा सर्वांत मोठा कर्करोग आहे. दोन ते पाच वर्षांची मुले त्याला अधिक बळी पडतात. ताप उतरत नाही, अंगावर निळे डाग उमटतात, चेहरा पांढराफटक पडतो. पूर्वी हे निदान म्हणजे काही महिन्यांची मुदत असे. आज श्रीमंत देशांत दहांपैकी आठ-नऊ मुले बरी होतात. या यशातील एक औषध अंगणातल्या सदाफुलीपासून निघाले आहे; दुसरे, मेथोट्रेक्सेट, घडवण्यात आंध्रात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांचा मोठा वाटा होता.

तथापि पाश्चात्त्य देशांतील उपचार येथे जसेच्या तसे चालले नाहीत. अशक्त आणि जंतुसंसर्गाने ग्रासलेल्या मुलांना ते मात्रेबाहेर झेपत नसत. म्हणून १९८०च्या दशकात परळच्या डॉक्टरांनी अमेरिकेतील तज्ज्ञांच्या सहकार्याने येथील मुलांना सोसेल अशी उपचारपद्धती बसवली. तिचे नाव एमसीपी ८४१. बऱ्या होणाऱ्या मुलांचे प्रमाण त्यानंतर दुपटीहून अधिक वाढले.

मग अजूनही मुले का दगावतात? त्याचे एक उत्तर रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर मिळते. हा उपचार दोन ते तीन वर्षांचा असतो. पहिले काही महिने कठीण जातात; पुढे रोजची गोळी, आठवड्याची गोळी आणि नेमाने तपासणी. दोन महिन्यांत मूल हसू-खेळू लागते. तोवर बापाची मजुरी बुडालेली असते, गावाकडची धाकटी भावंडे शेजाऱ्यांवर सोडलेली असतात, शेत गहाण पडलेले असते. 'पोर बरे दिसते' असे म्हणून कुटुंब गाडी पकडते. रोग मात्र शरीरात दडून असतो आणि परततो तेव्हा अधिक हट्टी होऊन येतो. अर्ध्यावर सुटलेला उपचार हा औषधाचा पराभव नसतो. तो भाड्याच्या आणि भाकरीच्या हिशेबातला तोटा असतो.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण आणि आवास असे दानाचे चार प्रकार सांगितले आहेत. तेथे संदर्भ संयमी साधूंच्या सेवेचा आहे. पण जीवदयेने पाहणाऱ्याला परळच्या रस्त्यावर हे चारही दिसतात. आहारदान येथे दीर्घकाळ चालत आले आहे. कच्छी जैन समाजातील हरखचंद सावला यांनी रुग्णांच्या उपाशी नातेवाइकांना जेवू घालण्यास आरंभ केला. त्यांच्या जीवनज्योत ट्रस्टने पुढे उरलेली औषधे गोळा करून गरजूंना देणारी औषधपेढी आणि आजारी मुलांसाठी खेळण्यांची पेढी चालवली. उपकरण म्हणजे ज्ञानाचे साधन असे मानले, तर लेडी टाटांच्या नावाचा संशोधननिधी त्याच वर्गात बसतो.

सर्वांत कमी लक्ष जाते ते आवासाकडे. औषधाने मुलाच्या पांढऱ्या पेशी घटतात, तेव्हा शिळे अन्न किंवा अशुद्ध पाणीही जिवावर बेतते. त्याला ताजे शिजवलेले अन्न आणि उकळलेले पाणी लागते. जैन घरात जो नित्याचा आचार आहे, तोच येथे वैद्यकीय नियम ठरतो, आणि पदपथावर तो पाळता येत नाही. परळची नाना पालकर स्मृती समिती, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही ठिकाणे अशा कुटुंबांना आसरा देतात. सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था २००६ पासून केवळ कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांसाठी निवारा चालवते; तिचे एक मोठे केंद्र कॉटन ग्रीनला आहे. तेथे कुटुंबाला खोली मिळते, शिधा मिळतो आणि स्वयंपाकाला स्वतःची शेगडी मिळते.

वाढदिवसाला किंवा पर्युषणात एक दिवसाचे अन्नदान करणारी घरे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. परळची गरज त्याहून लांब मुदतीची आहे : एका मुलाच्या कुटुंबाची राहण्याची सोय शेवटच्या गोळीपर्यंत. ज्यांना ते शक्य नाही, त्यांना प्लेटलेट देता येतात. त्या जेमतेम पाच दिवस टिकतात, म्हणून दाता सतत लागतो.

संध्याकाळी अशा निवाऱ्यातील स्वयंपाकघरात शेगड्या ओळीने पेटतात. कुठे लिट्टी भाजली जाते, कुठे माशाऐवजी डाळ-भात, कुठे ज्वारीची भाकरी. एखादी आई उकळलेले पाणी झाकून निवत ठेवते आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर त्या दिवसाच्या गोळीची खूण करते. उपचार संपलेले कुटुंब सामान बांधून गावाकडची गाडी गाठायला निघते. खोली धुतली जाते, चादर बदलली जाते आणि यादीतल्या पुढच्या मुलाला निरोप धाडला जातो.