न पुसलेले पान

एखादी वस्तू बंद पडली म्हणजे ती संपली, असे म्हणण्याची माणसाला फार घाई असते. थांबलेले घड्याळ, न पेटणारा स्टोव्ह, मुका झालेला रेडिओ यांची रवानगी प्रथम माळ्यावर होते आणि पुढे केव्हातरी भंगारवाल्याच्या गाडीवर. परंतु मोडणे निराळे आणि विसरणे निराळे. ज्याचा एकही अवयव मोडलेला नाही, पण ज्याला आपले काम तेवढे आठवत नाही, अशा यंत्रास काय म्हणावे? जुन्या बाजारात कधी कधी मिळणारा, आतील सारी विद्या पुसली गेलेला राउटर हे अशाच एका यंत्राचे उदाहरण होय.

राउटरचे काम टपालकचेरीत पत्रांची वाटणी करणाऱ्या कारकुनासारखे असते. संगणकांच्या जाळ्यातून जाणारा मजकूर लहान लहान पुडक्यांत विभागलेला असतो आणि प्रत्येक पुडक्यावर पत्ता असतो. तो पत्ता वाचावयाचा आणि पुडके योग्य वाटेला लावावयाचे, एवढेच राउटरला करावयाचे असते. पण ते त्याला एका सेकंदात हजारो वेळा करावे लागते. अमेरिकेत १९६९ साली आर्पानेट नावाचे जाळे उभे राहिले, तेव्हा हे काम करणारे यंत्र एखाद्या कपाटाएवढे होते. १९८४ साली लेनर्ड बोसॅक आणि सँड्रा लर्नर या दांपत्याने सिस्को ही कंपनी स्थापन केली आणि त्यानंतर अशी यंत्रे देशोदेशींच्या कचेऱ्यांत व महाविद्यालयांत जाऊन पोहोचली.

अशा राउटरच्या पोटात चार प्रकारच्या स्मृती असतात. पहिली रॅम, ती पाटीसारखी असते आणि वीज गेली की कोरी होते. दुसरी फ्लॅश, ती वहीसारखी असून वीज गेली तरी टिकते. यंत्राला कारकुनी शिकविणारी ऑपरेटिंग सिस्टिम हिच्यातच लिहिलेली असते. तिसरी एन्व्हीरॅम, येथे त्या त्या कचेरीने दिलेल्या सूचना, पत्ते आणि परवलीचे शब्द राहतात. चौथी रॉम. हिला सहसा कोणी हात लावीत नाही. बाकीच्या वह्या कोऱ्या झाल्या तरी हे एक पान शिल्लक उरते.

कचेरीने यंत्र विकावयास काढले की, आपली गुपिते परक्याच्या हाती पडू नयेत म्हणून पुष्कळदा त्याची स्मृती पुसून टाकतात. कधी फ्लॅशचे लहानसे कार्डच काढून घेतलेले असते. मग ते यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यासारख्या बाजारात थोड्या पैशांत मिळते. शिकण्याच्या हौसेने एखादा विद्यार्थी ते घरी आणतो आणि वीज जोडतो. पंखा घरघरतो, दिवा लागतो. पण घटका लोटली तरी पुडक्यांची वाटणी काही सुरू होत नाही. येथे उतावळा मनुष्य हात टेकतो. जिज्ञासू मात्र विचारतो, ‘याला काहीच आठवत नाही, की थोडेसे आठवते?’

हे विचारण्यासाठी यंत्राच्या पाठीमागे एक खास दार असते. त्यास कन्सोल म्हणतात. आकाशी रंगाची एक चपटी तार त्या दाराला लावून तिचे दुसरे टोक संगणकाला जोडावयाचे. बोलण्याची गती दोन्हीकडे सारखी हवी. ती बहुधा सेकंदाला ९६०० बिट असते. गती जुळली नाही, तर पडद्यावर अर्थहीन चिन्हांचा कचरा उमटतो. ती जुळली की पडद्यावर एक छोटीशी ओळ दिसते: ‘रॉममॉन १ >’. एवढ्या एका ओळीने साऱ्या शंका फिटतात. यंत्र मेलेले नाही. ते उंबरठ्यावर बसून वाट पाहत आहे. त्याला पुडकी वाटता येत नाहीत, जाळे ओळखता येत नाही. पण रॉममधील त्या एका पानामुळे ऐकता येते, मोजक्या आज्ञा पाळता येतात, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्याने दिलेले स्वीकारता येते.

यंत्र सुरू होण्याला ‘बूट होणे’ म्हणतात, त्यामागे एक गंमत आहे. आपल्याच बुटांच्या पट्ट्या ओढून स्वतःला वर उचलणे, या इंग्रजी कल्पनेवरून हा शब्द आला. आपल्याकडे म्हणतात की, कसरतपटू कितीही तरबेज असला तरी त्याला स्वतःच्या खांद्यावर चढता येत नाही. राउटरचेही तसेच आहे. स्वतःची विद्या हरवली असता ती त्याला बाहेरूनच घ्यावी लागते. आर्पानेटवरील त्या जुन्या यंत्रांतही पुढे अशी सोय केलेली होती की, एकाची स्मृती बिघडली, तर त्याने शेजारच्या यंत्राकडून ती पुन्हा मागून घ्यावी.

विद्या परत देण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला त्याच आकाशी तारेचा. वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी १९७७ साली एक्समोडेम नावाची एक साधी रीत बसविली. तीत मजकुराचे १२८ बाइटांचे घास करतात. प्रत्येक घासाबरोबर त्याचा क्रमांक आणि त्यातील आकड्यांच्या बेरजेवरून काढलेली एक खूण जाते. घेणारा ती बेरीज स्वतः करून पाहतो. जुळली तर ‘पोचले’ म्हणतो. न जुळली तर ‘पुन्हा पाठव’ म्हणतो, आणि देणारा न कंटाळता तोच घास पुन्हा देतो. सोळा मेगाबाइटांची ऑपरेटिंग सिस्टिम असेल, तर असे १,३१,०७२ घास भरवावे लागतात. सेकंदाला ९६०० बिट या गतीने सुमारे ९६० बाइट जातात. म्हणजे सगळे मिळून जवळजवळ पाच तास! तारेची गती सेकंदाला १,१५,२०० बिटांपर्यंत वाढविता आली, तर हेच काम अर्ध्या तासाच्या आत आटोपते.

दुसरा मार्ग जाळ्याच्या तारेचा. तो वेगवान आहे. पण त्यासाठी यंत्राला आधी त्याची स्वतःची ओळख सांगावी लागते. तुझा पत्ता हा, तुझ्या मोहल्ल्याची हद्द ही, बाहेर जाण्याचे दार हे, देणाऱ्याचा पत्ता हा आणि मागावयाच्या फाइलीचे नाव हे, अशा पाच गोष्टी एकेक करून टंकाव्या लागतात. त्यांत एक अक्षर चुकले तरी गाडी अडते. सारे बरोबर असले, तर यंत्र प्रथम बजावते की, फ्लॅशमध्ये जे काही असेल ते पुसले जाईल, चालेल काय? ‘होय’ म्हटल्यावर पडद्यावर उद्गारचिन्हांची रांग उमटू लागते. ती चिन्हे म्हणजे पुडकी पदरात पडत असल्याची खूण.

या कामात दोन पथ्ये पाळावी लागतात. ऑपरेटिंग सिस्टिम ही कोणाच्या तरी श्रमाची मालमत्ता असते. यंत्र विकत घेतले म्हणून तीही आपली झाली असे नव्हे. ती परवानगीने, योग्य ठिकाणाहूनच मिळवावी. दुसरे असे की, फ्लॅश कोरी झाली तरी एन्व्हीरॅममध्ये जुन्या मालकाच्या सूचना व परवलीचे शब्द कधी कधी राहून गेलेले असतात. चुकून आपल्या घरी आलेले दुसऱ्याचे पत्र सज्जन मनुष्य वाचीत नाही. त्याप्रमाणे ते न वाचता पुसून टाकणे हाच सभ्यपणा होय.

शेवटचे पुडके पोहोचले की यंत्र नव्याने सुरू करावयाचे. पडद्यावर मोठी ओळ उमटते: नवी विद्या उलगडून रॅमच्या पाटीवर मांडली जात असते. या क्षणी विद्यार्थ्याचा श्वास रोखला जातो. कारण पाच तासांच्या कष्टांचा निकाल येथे लागावयाचा असतो. थोड्या वेळाने ओळी सरसर वर सरकतात. यंत्र आपले नाव सांगते, आपल्या स्मृती मोजते, आपली दारे तपासते. आणि नंतर, सर्व काही जमले असूनही, ते स्वतः होऊन कोठे धावत सुटत नाही. आपल्याला अद्याप कोणतेच गाव ठाऊक नाही, हे त्याला कळते. म्हणून नव्या शाळेत पहिल्याच दिवशी आलेल्या मुलाप्रमाणे ते नम्रपणे विचारते, ‘सुरुवातीच्या सूचना आता द्यावयाच्या काय? होय की नाही?’