बोटावरचा खडू

शिक्षकाच्या बोटांना खडू लागलेला असावा, यात नवल ते काय! त्यामुळे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांच्या टोकांवर पांढरे ठिपके उमटले, तेव्हा शाळेत कुणाचेच तिकडे लक्ष गेले नाही. परंतु हा खडू साबणाने निघेना. दोन महिन्यांनी तो ओठाच्या कडेवरही दिसू लागला आणि मग मात्र सर्वांचे लक्ष गेले. मी शिकवीत असलेल्या वर्गातून एका पालकाने आपल्या मुलाची तुकडी बदलून मागितली. कारण त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची आवश्यकताही नव्हती.

या विकाराला आपण कोड म्हणतो. त्याला 'श्वेतकुष्ठ' असेही एक नाव आहे आणि त्या नावाने फार घोटाळा केला आहे. कुष्ठरोगाशी कोडाचा काडीमात्र संबंध नाही. कुष्ठरोग जंतूंमुळे होतो व त्याच्या चट्ट्यावर स्पर्श कळेनासा होतो. कोडाच्या डागावर मात्र मोरपीस फिरवले तरी गुदगुल्या होतात! त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची संरक्षक यंत्रणाच उलटते, एवढेच काय ते घडते. हात हातात घेतल्याने किंवा एका ताटात जेवल्याने कोड कुणाला जडत नाही.

मी नाशिकमधल्याच एका त्वचारोगतज्ज्ञांकडे जाण्याचे ठरवले. शाळातपासणीच्या आदल्या दिवशी करावे तसे रात्री बसून टिपण केले. डाग प्रथम केव्हा दिसला, घराण्यात कुणाला आहे काय, रबरी चपलेच्या पट्ट्याखाली नवा डाग उमटला आहे, एका आप्ताने बावचीच्या तेलाची बाटली पाठवली आहे, असे सारे लिहिले. शेवटची ओळ लिहिताना लेखणी जरा अडखळली: 'रात्री झोप लागत नाही. वर्गावर जाताना हात आपोआप खिशात जातो.'

पहिल्या ओळी डॉक्टरांनी भराभर वाचल्या. चपलेपाशी ते थांबले. पट्टा सतत घासतो तेथे नवा डाग उठू शकतो. शिवाय काही प्रकारच्या रबरातील रसायनांनी त्वचेचा रंग उडतो, असे ते म्हणाले. टिकलीच्या गोंदामुळे काही स्त्रियांच्या कपाळावर असाच डाग पडतो, हेही त्यांच्याकडूनच कळले. बाटली पाहून ते रागावतील असे वाटले होते, पण तसे झाले नाही. बावचीतील एका द्रव्यामुळे त्वचा प्रकाशाला फार हळवी होते. डॉक्टरही तशी द्रव्ये वापरतात, पण मोजून मापून दिलेल्या प्रकाशाबरोबर. नाशिकच्या चैत्रातल्या उन्हात ते तेल अंदाजाने लावले असते, तर हातावर फोडच आले असते. (दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड येते, ही समजूतही त्यांनी निराधार ठरवली. मी शाकाहारी असल्यामुळे ते मला तत्काळ पटले.)

शेवटची ओळ वाचून त्यांनी कागद खाली ठेवला. "सर, ही ओळ सर्वांत वर हवी," ते म्हणाले. मग त्यांनी पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांच्याविषयी सांगितले. त्या स्वतः डॉक्टर, आणि त्यांना स्वतःलाही कोड. त्यांनी २००१ साली 'श्वेता' ही संस्था काढली. तेथे कोड असलेली माणसे एकत्र जमतात आणि मन मोकळे करतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००६ सालच्या 'नितळ' या चित्रपटाची नायिकाही कोड असलेली तरुणी आहे.

डॉक्टरही माझ्याशी मोकळेपणानेच बोलले. ओठांवरचे आणि बोटांच्या टोकांवरचे डाग औषधांना सहसा दाद देत नाहीत, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. पायावरचा डाग पुढे बराच भरून आला. बोटांवरचा खडू अजून तसाच आहे.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी सातवीतील एक मुलगी माझ्या खोलीच्या दाराशी घुटमळत होती. तिच्या गुडघ्यांवर तसेच डाग होते. दुसऱ्या दिवशी आई तिला डॉक्टरांकडे नेणार होती. मी तिच्यापुढे कोरा कागद सरकवला आणि म्हणालो, "आई सांगेलच, पण तुला काय विचारायचे आहे, ते तू लिही." पुष्कळ वेळ ती पेन्सिल चावीत बसली. मग तिने एकच ओळ लिहिली: 'मी पोहायला गेले तर चालेल का?'

तिच्या घरी हा प्रश्न कुणालाच ठाऊक नव्हता. डॉक्टर म्हणाले, "अवश्य जा." त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पोहायला शिकली.