गाडीखाली न शिरता

मेसेज शनिवारी दुपारी आला, कल्याणच्या एका बाईंचा. ‘तुमच्या साइटवर बघून अलाइनमेंटला आले होते. त्यांनी गाडी वर घेतली आणि आता खाली उतरवून द्यायलाच तयार नाहीत. म्हणतात, ही गाडी चालवत आणलीच कशी?’

डोंबिवलीत घरी जेवून आडवा झालो होतो. ताडकन उठून बसलो.

त्यांच्या गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचा लोअर बॉल जॉइंट संपत आला होता. चाकाला खालच्या आर्मशी धरून ठेवणारा हा सांधा. तो निसटला की चाक कोलमडतं आणि हातातलं स्टेअरिंग असून नसल्यासारखं होतं. त्याच गाडीतून बाई रोज मुलाला क्लासला सोडत होत्या. आणि मी बनवलेल्या टूलने त्यांना सांगितलं होतं, ‘व्हील अलाइनमेंट करून घ्या.’ शेजारी हिरवी खूण.

हे टूल करायला घेतलं तेव्हा आपल्याला गाड्यांतलं बरंच कळतं, असा माझा समज होता. कॉलेजात आम्ही पोरांनी मिळून स्पर्धेसाठी एक छोटी रेसिंग कार बनवली होती. तेव्हापासून कॅरल स्मिथ यांचं 1978 सालचं ‘ट्यून टू विन’ माझ्या उशाशी. पुढे नोकरी लागली ऐरोलीला, सॉफ्टवेअरची. शिळफाट्यावरून जाता-येता सोबतचे लोक विचारत, ‘गाडी एका बाजूला जाते रे, काय असेल?’ मी ऐटीत उत्तर देई. एकदा वाटलं, हेच ऑनलाइन का करू नये? लक्षण निवडा, कारण मिळवा. गॅरेजवाल्याने गंडवायचा प्रश्नच नाही.

पहिली चूक पहिल्याच पानावर होती. मी विचारत होतो, ‘अंडरस्टीअर की ओव्हरस्टीअर? वळणात शिरताना, मध्यावर की बाहेर पडताना?’ ट्रॅकवर हे प्रश्न लाख मोलाचे. तिथे ड्रायव्हर तेच वळण पन्नास वेळा घेतो आणि पुढची पकड आधी सुटली की मागची, हे त्याला नेमकं सांगता येतं. पण घोडबंदर रोडवर पावसाळ्यात गाडी वळणात नाही, खड्ड्यात शिरते. आपल्याकडचा माणूस म्हणतो, ‘गाडी ओढते’, ‘स्टेअरिंग थरथरतं’, ‘खड्ड्यात खट्ट वाजतं’, ‘मागून बोटीसारखी डुलते’. यातलं एकही वाक्य माझ्या यादीत नव्हतं. लोक अंदाजाने काहीतरी निवडत आणि मी त्या अंदाजाला उत्तर देत असे. ही वाक्यं मी यादीत नंतर घातली.

दुसरी चूक माझ्या मामाने दाखवली. तो ठाण्यात वर्तकनगरला राहतो, गाडी एमएच-04, चालवणार जपून. त्याची गाडी हलकेच डावीकडे जायची. माझ्या टूलने अलाइनमेंट सांगितलं. त्याने केलं. फरक नाही. दुसऱ्या दुकानात जाऊन पुन्हा केलं. मग मला फोन, ‘अरे, तुझं मशीन माझे पैसे खातंय.’

मी कोड उघडून बसलो. एक नियम असा होता: गाडी उजवीकडे किंचित जात असेल तर रस्त्याच्या उताराचा परिणाम, काळजी नको. डावीकडे जात असेल तर तपासा. हा तक्ता मी एका अमेरिकन पुस्तकावरून जसाच्या तसा उतरवला होता. तिकडे गाड्या उजव्या बाजूने धावतात. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता ठेवतात, साधारण मीटरमागे दोन-अडीच सेंटिमीटर. त्यामुळे तिकडची गाडी उजव्या कडेला सरकते, आपली डाव्या. म्हणजे ठाण्यातल्या धडधाकट गाड्यांना मी अलाइनमेंटला धाडत होतो आणि उतारालाही न जुमानता उजवीकडे ओढणाऱ्या, खरोखर बिघडलेल्या गाड्यांना ‘काळजी नको’ म्हणत होतो. नियम उलटवायला दोन मिनिटं लागली. तोवर तो कित्येक महिने चालू होता. अशा चुका आणखी कुठे असतील, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारायला हवा होता. विचारला नाही. मामाला जेवायला नेलं आणि विषय मिटवला.

तिसरी चूक म्हणजे तो शनिवार. बाईंनी तीन लक्षणं निवडली होती: गाडी ओढते, टायर एका बाजूने झिजलाय, खड्ड्यात खट्ट आवाज येतो. माझं टूल प्रत्येक लक्षणामागे संभाव्य कारणांना गुण द्यायचं आणि बेरजेत पुढे असेल ते कारण दाखवायचं. अलाइनमेंट जवळजवळ प्रत्येक लक्षणाखाली होतं, त्यामुळे गुण साठत जाऊन तेच जिंकायचं. बॉल जॉइंटला गुण कमी, कारण तो क्वचित जातो. क्वचित जातो पण गेला तर जीव घेऊ शकतो, याला माझ्या बेरजेत जागाच नव्हती. ‘गाडी चालवू नका’ हे उत्तर मी लिहिलेलंच नव्हतं, मग ते कुणाला मिळणार कुठून?

आणि या सगळ्या काळात मी निर्धास्त होतो, कारण उत्तराखाली मी विचारत होतो, ‘उपयोग झाला का?’ बहुतेक जण ‘हो’ दाबायचे. दाबायचे कधी, तर उत्तर वाचल्या-वाचल्या, गॅरेजला जायच्या आधी. ते ‘हो’ म्हणजे ‘उत्तर मिळालं’ एवढंच होतं. मी ते ‘उत्तर बरोबर होतं’ असं वाचत आलो.

रविवारी सकाळी कल्याण पूर्वेला, बाईंची गाडी होती त्या गॅरेजवर गेलो. माफी मागायला म्हणून गेलो होतो, पण बाई येऊन गाडी घेऊन गेल्या होत्या. मेकॅनिक काकांना सांगितलं, ते टूल माझं. त्यांनी जुना जॉइंट आणून माझ्या हातात ठेवला. बॉल बोटाने गदागदा हलत होता. ‘साहेब, चाक वर-खाली धरून हलवलं की कळतं. डावी-उजवीकडून धरून हललं तर टाय रॉड. दोन मिनिटांचं काम.’ मग म्हणाले, ‘ढिल्या पार्टवर अलाइनमेंट म्हणजे हलत्या पाटावर रांगोळी.’

त्यानंतर चार-पाच रविवार मी तिथे स्टुलावर बसलो. काकांचा पहिला प्रश्न कधीच ‘काय होतंय?’ नसायचा. ‘कधीपासून?’ हा असायचा. टायर बदलल्यापासून म्हटलं की बॅलन्सिंग आणि हवा. मोठ्या खड्ड्यात आपटल्यापासून म्हटलं की रिम, आर्म, लिंक रॉड. हळूहळू वाढत गेलंय म्हटलं की बुश, शॉकअप. स्टेअरिंग थरथरतं म्हटलं की दुसरा प्रश्न, ‘नुसत्या स्पीडला की ब्रेक मारल्यावर?’ स्पीडला असेल तर ते चाकांच्या बॅलन्सिंगकडे वळायचे, ब्रेकवर असेल तर डिस्ककडे. गाडी ओढत असेल तर आधी चारही टायरची हवा, तीही टायर थंड असताना. मग पुढची दोन चाकं आपसात बदलून एक फेरी. ओढण्याची बाजू बदलली तर दोष टायरचा, अलाइनमेंटचा नाही. ब्रेक धरून बसलाय का, हे बघायला ते फेरीनंतर रिमजवळ हात नेत आणि कुठलं चाक जास्त तापलंय ते सांगत. मी पुस्तकातून कारणं गोळा केली होती. ती तपासायची कुठल्या क्रमाने, हे काकांच्या हातात होतं.

टूल मी बंद ठेवून पुन्हा लिहिलं. ‘कधीपासून?’ हा आता पहिला प्रश्न. गुणांची बेरीज काढून टाकली. धोक्याची लक्षणं आधी विचारली जातात आणि त्यातलं एक जरी ‘हो’ आलं, तर पुढचे प्रश्न येतच नाहीत. लाल अक्षरांत ‘गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा’ एवढंच येतं. बाकी उत्तरं दोन प्रकारची: ‘हे घरी तपासा’ आणि ‘हे गॅरेजला दाखवा’. ‘उपयोग झाला का?’ हे आता पंधरा दिवसांनी मेलने विचारतो. उत्तरं फार थोडी येतात. त्यांतली बरीच ‘नाही’ असतात. ती मी नीट वाचतो.

कल्याणच्या बाईंना माफीचा मेसेज त्याच रविवारी केला होता. त्यांचं उत्तर आलं, ‘ठीक आहे. पण मी खट्ट आवाज लिहिला होता.’ त्या एका ‘पण’चं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

नवीन टूल काकांना फोनवर दाखवलं. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी सगळे प्रश्न वाचले. ‘विचारतंय बरोबर’, म्हणाले. मी खूश होणार, तेवढ्यात फोन परत देत म्हणाले, ‘पण गाडीखाली शिरत नाही ना ते?’

आता प्रत्येक उत्तराखाली एक ओळ येते: ‘हे उत्तर गाडीखाली न शिरता दिलेलं आहे.’