चेंडू कुणाच्या हातून सुटला?

लेकाच्या रग्बी क्लबला पंच पुरत नाहीत, म्हणून पालकांच्याच गळ्यात शिट्टी पडते. ऑकलंडला आल्यावर ती माझ्याही गळ्यात पडली. आयुष्य क्रिकेट बघण्यात गेलेलं. नियमांतला सगळ्यात सोपा वाटला तो नॉक-ऑन: हातातून चेंडू पुढे सुटून जमिनीला किंवा दुसऱ्या कुणाला लागला की शिट्टी, समोरच्यांना स्क्रम. मोकळ्यावर पास निसटला तर तो काठावरच्या आज्यांनाही दिसतो.

टॅकलमध्ये, म्हणजे पळणाऱ्याला धरून अडवताना, मात्र डोकं चक्रावतं. ‘पुढे’ म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या टोकाकडे. त्यामुळे पळणाऱ्याचं पुढे आणि त्याला अडवणाऱ्याचं पुढे नेमकं उलट. दोघं भिडले आणि चेंडू उडाला, की तो बहुधा कुणाच्या तरी पुढेच जातो!

पळणाऱ्याच्या कमरेला मिठी बसली आणि धक्क्याने चेंडू पुढे उडाला, तर नॉक-ऑन त्याचा. तोच चेंडू तिथेच पडला, पण अडवणाऱ्याने चेंडूलाच हात घालून तो हिसकावला किंवा उडवला असेल, तर खेळ चालू. अडवणाऱ्याच्या हाताला लागून चेंडू पळणाऱ्याच्या मागे गेला, तर नॉक-ऑन अडवणाऱ्याचा. म्हणजे चेंडू कुठे पडला हे बघून भागत नाही, हात बघावा लागतो. आणि चिखलाने माखलेल्या चार हातांतला नेमका कुठला चेंडूवर होता, हे पळणाऱ्याच्या पाठीमागून दिसणं अशक्य. आमचे प्रशिक्षक म्हणाले, बाजूला सरक, दोघांमधली फट दिसेल असा उभा राहा, आणि चेंडूवर हात दिसला नाही तर हिसकावला असं धरू नकोस.

त्यातल्या त्यात अॅडव्हांटेज, म्हणजे चूक एकाची पण चेंडू समोरच्यांकडे गेला तर खेळ चालू ठेवणं, हा मोठा आधार. पळणाऱ्याच्या पुढे उडालेला चेंडू अडवणाऱ्यांच्याच हाती पडला तर कुठल्याही निकालाने लगेच शिट्टी मारायची नसते. विचाराला दोन क्षण मिळतात, हे पंचांच्या वर्गात कुणी सांगत नाही. खरी परीक्षा चेंडू पळणाऱ्याच्या संघाने उचलला तर.

मोठ्यांचंही यात काय होतं, ते मी मुद्दाम शोधून पाहिलं. 2015च्या रग्बी विश्वचषकात ट्विकनहॅमला उपांत्यपूर्व सामना, शेवटचे क्षण, स्कॉटलंड दोन गुणांनी पुढे. त्यांचा नॉक-ऑन झाला, चेंडू ऑस्ट्रेलियाच्या निक फिप्सला लागला आणि पुढे उभ्या स्कॉटिश खेळाडूने घेतला. पंच क्रेग जूबर्ट यांनी ऑफसाइडची पेनल्टी दिली. त्यावरच ऑस्ट्रेलिया 35-34 जिंकलं. दुसऱ्या दिवशी वर्ल्ड रग्बीने जाहीर केलं: फिप्स चेंडू मुद्दाम खेळला होता, म्हणजे ऑफसाइड उरला नव्हता, स्क्रम द्यायला हवा होता. अशा निर्णयासाठी व्हिडिओ पंचांना विचारायची तेव्हा मुभाच नव्हती. आमच्या मैदानावर तर व्हिडिओही नाही. आहेत ते पालक, आणि ते जर्सीचा रंग बघून निकाल देतात.

मागच्या शनिवारी टॅकल झाला माझ्याच लेकावर. चेंडू पुढे उडाला, त्याच्या मित्राने उचलला आणि थेट ट्राय. समोरच्या पोरांचे हात वर, ‘नॉक-ऑन!’ मी बाजूला होतो. अडवणाऱ्याचा पंजा चेंडूवर बसताना मला स्वच्छ दिसला होता. ट्राय दिला. काठावर एका बापाने दुसऱ्याला विचारलं, पोरगा पंचाचाच ना? गाडीत बसल्यावर मी लेकाला म्हटलं, त्याने चेंडूलाच हात घातला होता ना रे? तो सँडविच खात म्हणाला, ‘‘काय माहीत बाबा, मी तर डोळे मिटले होते.’’